चंदीगडचा आकडा आणि उतारवयाची भाकरी

शिवालिक पर्वतराजीच्या पायथ्याशी वसलेल्या चंदीगड नगरीची ख्याती आहे ती तिच्या आखीव रस्त्यांसाठी, सुखना तलावासाठी आणि गुलाबांच्या विस्तीर्ण बागेसाठी. प्रवासी मंडळी हे सारे डोळे भरून पाहतात आणि परततात. परंतु या शहराचा आणखी एका गोष्टीशी निकटचा संबंध आहे. ती गोष्ट म्हणजे दर महिन्याला देशभर जाणारा एक आकडा. त्या आकड्यावर लाखो वृद्ध स्त्रीपुरुषांचे जेवण, औषधपाणी आणि स्वाभिमान अवलंबून असतो, हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

केंद्रीय श्रम मंत्रालयाच्या ‘लेबर ब्यूरो’ या कार्यालयाचे काम चंदीगड आणि सिमला या दोन ठिकाणांहून चालते. औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक तयार करणे हे या कार्यालयाचे एक मुख्य काम होय. एका महिन्याचा निर्देशांक साधारणतः पुढील महिन्याच्या अखेरच्या कामकाजाच्या दिवशी प्रसिद्ध होतो. वर्तमानपत्रात तो कोपऱ्यातल्या चार ओळींत छापून येतो, आणि घरातील तरुण मंडळी ते पान उलटून पुढे जातात. निवृत्त झालेले आजोबा मात्र चष्मा पुसून तेवढ्याच चार ओळी दोनदा वाचतात. ते असे का करतात, हे समजून घेण्यासारखे आहे.

निवृत्तांचे नगर

फाळणीनंतर लाहोर पाकिस्तानात गेले आणि पूर्व पंजाबला राजधानी उरली नाही. म्हणून चंदीगड उभे राहिले. दिनांक ७ ऑक्टोबर १९५३ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते या नव्या नगराचे उद्घाटन झाले. १ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाबची पुनर्रचना झाली, तेव्हा हे शहर केंद्रशासित झाले आणि पंजाब व हरियाणा या दोन्ही राज्यांची राजधानीही झाले. साहजिकच येथील पहिल्या पिढीचे बहुसंख्य रहिवासी सरकारी नोकर होते. सचिवालयातील कारकून, शाळांतील शिक्षक, विद्यापीठातील प्राध्यापक आणि रुग्णालयातील परिचारिका यांनी हे शहर भरले, आणि त्यांच्याबरोबरच ते म्हातारेही झाले. चंदीगडला निवृत्तांचे नगर म्हणतात ते काही उगीच नव्हे.

अशा नगरात निवृत्तिवेतनाचा प्रश्न कागदावर न राहता शेजारधर्मात उतरतो. एकाच रांगेतील तीन घरांत केंद्राचा, पंजाबचा आणि हरियाणाचा असे तीन निवृत्त राहत असतात. तिघेही एकाच बाजारात भाजी घेतात. परंतु महागाईचा दिलासा केव्हा आणि किती द्यायचा, हे प्रत्येक सरकार आपापल्या निर्णयाने ठरवते. त्यामुळे एकाच्या हाती तो आज पडतो, तर दुसऱ्याला काही काळ वाट पाहावी लागते. सकाळी सुखनाच्या काठी फिरायला आलेल्या वृद्धांच्या गप्पा हवापाण्यावरून निघाल्या तरी अखेर याच विषयावर येऊन थांबतात.

आकडा कसा तयार होतो

हा निर्देशांक तयार करण्याची रीत समजण्यास फार अवघड नाही. कामगारांची कुटुंबे कोणत्या वस्तूंवर किती खर्च करतात हे आधी पाहणी करून ठरवलेले असते. मग देशातील ८८ औद्योगिक केंद्रांतील ३१७ बाजारांतून, ठरलेल्या दिवशी व ठरलेल्या दुकानांतून त्या वस्तूंचे किरकोळ भाव टिपले जातात. या केंद्रांत जसे चंदीगड आहे, तशीच आपली मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक आणि सोलापूर ही शहरेही आहेत. तांदूळ, डाळ, तेल, भाजी, घरभाडे, कापड, वीज, प्रवास, औषध या सर्वांच्या भावांना त्यांच्या महत्त्वाप्रमाणे वजन देऊन एक सरासरी काढतात. २०१६ हे वर्ष १०० धरून आजची मालिका चालते. त्यापूर्वीच्या मालिकेत २००१ हे वर्ष १०० धरले जाई. नव्या आकड्याला २.८८ ने गुणले की तो जुन्या मालिकेच्या मापात येतो.

केंद्रीय निवृत्तांचा महागाई दिलासा याच आकड्यावरून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासून, ठरतो. सातव्या वेतन आयोगाची वेतने १ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. त्या वेळची मागील बारा महिन्यांची सरासरी जुन्या मापात २६१.४२ होती. ती पायाभूत मानून, त्यापेक्षा भाव शेकडा किती चढले तेवढा दिलासा द्यायचा, असा हिशेब आहे. उदाहरणार्थ, २०२४ सालच्या बारा महिन्यांची सरासरी नव्या मापात १४१.५८ आली. तिला २.८८ ने गुणले की होतात ४०७.७६ च्या आसपास. २६१.४२ च्या तुलनेत ही वाढ शेकडा ५५.९ भरते. अपूर्णांक सोडून १ जानेवारी २०२५ पासून ५५ टक्के दिलासा मिळाला. कोणाही आजोबांना नातवाच्या वहीच्या मागच्या पानावर हा हिशेब करता येईल, आणि अनेक आजोबा तो करतातही.

दोन भावांची गोष्ट

आता आपण दोन भावांची कल्पना करू. भाऊ कल्पित असले तरी त्यांच्या हिशेबाचे नियम व निर्देशांकाचे आकडे खरे आहेत.

थोरला भाऊ चंदीगडमधील एका केंद्रीय कार्यालयात नोकरीला होता. २०१४ साली वयाच्या साठाव्या वर्षी तो निवृत्त झाला आणि तेथेच स्थायिक झाला. धाकटा सोलापुरातच राहिला. १९९५ च्या नोव्हेंबरात कर्मचारी निवृत्तिवेतन योजना सुरू झाली तेव्हा तो एका कापड कारखान्यात लागला, आणि २०१४ च्या ऑगस्टात अठ्ठावन्न वर्षांचा होऊन घरी बसला.

थोरल्याचे मूळ निवृत्तिवेतन १ जानेवारी २०१६ रोजी १५,००० रुपये ठरले असे धरू. जानेवारी २०२५ मध्ये त्यावर ५५ टक्के, म्हणजे ८,२५० रुपये दिलासा मिळून त्याच्या हाती २३,२५० रुपये पडू लागले. तो श्रीमंत झाला असे नव्हे. २०१६ साली जेवढे धान्य, दूध व तेल त्याला परवडत असे, साधारण तेवढेच त्याला २०२५ सालीही परवडले, इतकाच या वाढीचा अर्थ.

धाकट्याचा हिशेब वेगळा. निवृत्तिवेतनास पात्र असे त्याचे मासिक वेतन ३,५०० रुपये आणि सेवा १९ वर्षे धरली, तर योजनेच्या सूत्राप्रमाणे या दोहोंच्या गुणाकाराला ७० ने भागावयाचे. उत्तर येते ९५० रुपये. सप्टेंबर २०१४ पासून सरकारने या योजनेत किमान १,००० रुपयांची हमी दिली, म्हणून त्याला १,००० रुपये मिळू लागले. पुढील दहा वर्षांत ही किमान रक्कम वाढली नाही, आणि या निवृत्तिवेतनाला महागाईचा दिलासाही जोडलेला नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये निर्देशांक जुन्या मापात २५३ होता; डिसेंबर २०२४ मध्ये तो नव्या मापात १४३.७, म्हणजेच जुन्या मापात जवळजवळ ४१४ झाला. याचा अर्थ असा की, २०१४ सालच्या १,००० रुपयांत जे घरात येत असे, ते आणावयाचे तर २०२४ अखेर सुमारे १,६३६ रुपये लागत. धाकट्याच्या हातातील हजाराची नोट तीच राहिली, पण तिची किंमत सहाशे अकरा रुपयांच्या आसपास आली.

दिवाळीला दोघे भाऊ एकत्र आले की धाकटा म्हणेल, “दादा, सोलापूरच्या बाजारातला डाळीचा भावसुद्धा तुमच्या चंदीगडच्या हिशेबात धरतात ना? मग त्या भावानं तुझं पेन्शन वाढतं, माझं का वाढत नाही?” या साध्या प्रश्नाला थोरल्यापाशी उत्तर नसते.

निवृत्तिवेतन जपायचे म्हणजे नेमके काय जपायचे, हे या दोन घरांवरून ध्यानात यावे. रक्कम खात्यात जमा होत राहणे पुरेसे नाही. त्या रकमेत म्हातारपणाची भाकरी येते की नाही, हे पाहावे लागते. कोणी कपातीचा हुकूम काढला नाही तरी नुसती महागाई निवृत्तिवेतन खाऊन टाकू शकते, आणि हे इतक्या सावकाश घडते की त्याविरुद्ध कोणाकडे दाद मागावी हेही कळत नाही.

येथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. थोरल्याचे पैसे सरकारी तिजोरीतून येतात. धाकट्याचे येतात एका सामाईक निधीतून, ज्यात मालकाच्या हिश्श्यातील वेतनाचे ८.३३ टक्के आणि केंद्र सरकारचे १.१६ टक्के जमा होतात, तेही वेतनाच्या ठरावीक मर्यादेपर्यंतच. निर्देशांकाची जोड द्यावयाची तर निधीत अधिक भर घालावी लागेल, आणि ती मालकाने घालावी, कामगाराने की सरकारने, हा प्रश्न उरतोच. पण प्रश्न कठीण आहे म्हणून तो विचारूच नये, असे होत नाही. अमेरिकेत १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याखाली गिरणीतला कामगार आणि दुकानातला नोकर यांनाही निवृत्तिवेतन मिळते. १९७२ च्या कायद्याने त्याला किंमत निर्देशांकाची जोड दिली आणि १९७५ पासून भावांबरोबर ते आपोआप वाढू लागले. खाजगी नोकरीतील माणसाच्या म्हातारपणालाही महागाईचे कवच देता येते, एवढे त्यावरून दिसते.

दया नव्हे, हक्क

थोरल्या भावाला आज जे संरक्षण आहे तेही आपोआप मिळालेले नाही. १९७९ साली केंद्र सरकारने निवृत्तिवेतनाचे सूत्र अधिक उदार केले. परंतु ३१ मार्च १९७९ रोजी अथवा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांनाच ते लागू केले. त्याआधी निवृत्त झालेले, वयाने अधिक थकलेले लोक वगळले गेले. संरक्षण खात्यातून निवृत्त झालेले डी. एस. नाकरा आणि त्यांचे सहकारी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. मूळचे पुण्याचे असलेले सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १७ डिसेंबर १९८२ रोजी निकाल दिला. निकालपत्र न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी लिहिले. निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीने दिलेली बक्षिसी नव्हे, ते पूर्वी केलेल्या सेवेचे मोल आहे, आणि एक तारीख ठरवून वृद्धांत भेद करता येणार नाही, असा त्याचा आशय होता. देशभरातील निवृत्तांच्या संघटना तेव्हापासून १७ डिसेंबर हा निवृत्तिवेतनधारकांचा दिवस म्हणून पाळतात.

हक्क मान्य झाला तरी जागरूकता सोडून चालत नाही. करोनाच्या साथीत, एप्रिल २०२० मध्ये, केंद्र सरकारने महागाई दिलाशाचे तीन हप्ते रोखले. जानेवारी २०२० पासून जून २०२१ पर्यंत तो १७ टक्क्यांवरच राहिला. १ जुलै २०२१ पासून तो एकदम २८ टक्के झाला, पण मधल्या अठरा महिन्यांची थकबाकी दिली गेली नाही. संकट मोठे होते हे कोणी नाकारणार नाही. परंतु त्याच अठरा महिन्यांत औषधांचे खर्चही वाढले होते, हेही घरोघर ठाऊक आहे.

पुढील पिढीची चिंता आणखी निराळी आहे. १ जानेवारी २००४ पासून केंद्राच्या नोकरीत आलेल्यांना, सैन्यदले वगळता, निश्चित निवृत्तिवेतनाऐवजी बाजाराशी निगडित अशी अंशदानाची योजना लागू झाली. महाराष्ट्रात ती १ नोव्हेंबर २००५ पासूनच्या नोकरांना लागली. मार्च २०२३ मध्ये राज्यातील शासकीय कर्मचारी व शिक्षक याच प्रश्नावर आठवडाभर संपावर होते. पुढे केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत निवृत्तिवेतन योजनेचा पर्याय दिला. तीत पंचवीस वर्षे सेवा करणाऱ्यास अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन आणि त्यावर महागाई दिलासा यांची हमी आहे. म्हणजे वीस वर्षांनंतर का होईना, निर्देशांकाची जोड पुन्हा मान्य झाली.

औषधाचा चमचा

परंतु निर्देशांक कितीही काळजीपूर्वक काढला तरी त्याला एक मर्यादा आहे. तो कामगार कुटुंबाचा निर्देशांक आहे. त्या कुटुंबात शाळेत जाणारी मुले असतात, कामावर जाणारा कर्ता असतो. वृद्ध दांपत्याच्या घरात शाळेची फी नसते, कामावर जाण्याचे बसभाडे नसते. असतात त्या रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या, डोळ्यांचे थेंब, गुडघ्याचा पट्टा आणि अधूनमधून रुग्णालयाची वारी. अमेरिकेतही हीच अडचण दिसून आली, म्हणून तेथे १९८७ च्या एका कायद्यानुसार बासष्ट वर्षांवरील लोकांच्या खर्चाचा वेगळा निर्देशांक प्रायोगिक स्वरूपात काढू लागले. आपल्या लेबर ब्यूरोनेही असा एखादा वृद्धांचा निर्देशांक काढला, तर म्हातारपणाची खरी महागाई किती हे देशाला कळेल.

तोवर वृद्धांच्या आरोग्याचा भार दुसऱ्या व्यवस्थांनी उचलला पाहिजे. चंदीगडमध्ये पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था आहे. पंजाबचे तत्कालीन मुख्यमंत्री प्रतापसिंग कैराँ यांच्या पुढाकाराने १९६२ साली ती स्थापन झाली, पंडित नेहरूंच्या हस्ते ७ जुलै १९६३ रोजी तिच्या रुग्णालयाचे उद्घाटन झाले, आणि १ एप्रिल १९६७ पासून ती राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरली. पंजाब, हरियाणा, हिमाचल आणि जम्मू-काश्मीरहून वृद्ध रोगी येथे येतात. मोठे सरकारी रुग्णालय जवळ असणे हेही एक प्रकारचे निवृत्तिवेतनच आहे. पण रुग्णालयाचे दार उघडे असले, तरी औषधाचे व शस्त्रक्रियेचे पैसे कोणी द्यावयाचे हा प्रश्न उरतो.

पंजाब सरकारच्या एका नोकराच्या बाबतीत हाच प्रश्न न्यायालयात गेला होता. हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी त्याला दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत जावे लागले. सरकारने उपचारांचा खर्च दिला, पण खोलीचे भाडे नाकारले. चंदीगड येथील पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला, आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि आपल्या नोकरांची, ते सेवेत असताना व निवृत्त झाल्यावरही, वैद्यकीय सोय पाहणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असे त्यात सांगितले गेले. मात्र १९९८ मध्ये पंजाबच्याच दुसऱ्या प्रकरणात न्यायालयाने हेही मान्य केले की, खर्चाची प्रतिपूर्ती किती दराने करावी याची मर्यादा सरकार घालू शकते. पुढे २०१८ साली एका केंद्रीय निवृत्ताच्या बाबतीत, केवळ रुग्णालय यादीत नाही एवढ्या कारणावरून तातडीच्या उपचारांचा खर्च नाकारता येणार नाही, असा निर्णय झाला.

केंद्रीय निवृत्तांसाठी १९५४ साली सुरू झालेली केंद्र सरकार आरोग्य योजना आहे. दहा वर्षांचे अंशदान एकदम भरल्यास तिचे कार्ड जन्मभर चालते. जेथे या योजनेचे दवाखाने नाहीत, तेथील निवृत्ताला दरमहा ठरावीक वैद्यकीय भत्ता मिळतो. जुलै २०१७ मध्ये तो १,००० रुपये झाला. महागाई दिलाशाप्रमाणे तो भावांबरोबर आपोआप चढत नाही. म्हणजे धाकट्याच्या हजार रुपयांचीच गोष्ट येथेही आहे.

इतर सर्व वृद्धांसाठी २९ ऑक्टोबर २०२४ रोजी महत्त्वाचे पाऊल पडले. आयुष्मान भारत योजनेखाली सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण देण्यात आले. हे संरक्षण कुटुंबातील सत्तरीपुढील व्यक्तींना मिळून असते. महाराष्ट्रातही महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सर्व कुटुंबांना लागू करण्याचा निर्णय २०२३ साली झाला. या योजना गरिबाला कर्जापासून वाचवतात यात शंका नाही. पण रुग्णालयात दाखल झाल्यावरच त्यांचा उपयोग. रोजच्या गोळ्यांचा खर्च त्यांत बसत नाही. नेमका तोच खर्च वृद्धाला महिन्याच्या महिन्याला सोसावा लागतो, आणि पैसे नसले की प्रथम त्याच गोळ्या बंद होतात. मग आज गोळी वाचवणारा माणूस उद्या झटका येऊन रुग्णालयात येतो, आणि सरकारचा खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

ज्यांना कोणतेच वेतन नव्हते

शेतमजूर, मोलकरीण, हमाल यांच्या आयुष्यात ‘निवृत्ती’ हा शब्दच नाही. राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदाने वार्धक्यात सार्वजनिक साह्य देण्याचे मार्गदर्शक तत्त्व सांगितले आहे. चंदीगडच्याच सचिवालयातून कारभार करणाऱ्या हरियाणा सरकारने, देवीलाल मुख्यमंत्री असताना, १९८७ साली वृद्धांना दरमहा १०० रुपये देण्यास आरंभ केला. वेळोवेळी वाढत ही रक्कम जानेवारी २०२४ मध्ये ३,००० रुपये झाली. महाराष्ट्रातील श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेची रक्कम २०२३ साली १,५०० रुपये झाली. मात्र दारिद्र्यरेषेखालील वृद्धांच्या राष्ट्रीय योजनेत केंद्राचा वाटा २००७ साली २०० रुपये होता, तो ६० ते ७९ वयोगटासाठी २०२४ सालीही तेवढाच होता. या काळात निर्देशांक सुमारे तिप्पट झाला. म्हणजे त्या २०० रुपयांची किंमत ६५ रुपयांवर आली. लेबर ब्यूरोचा आकडा या निराधार म्हातारीच्या झोपडीपर्यंत पोहोचलेलाच नाही.

घरातील मंडळींनी काय करावे

धोरणे बदलण्यास वेळ लागतो. पण घरातील वडीलधाऱ्यांचे जे आहे ते जपणे आपल्या हाती आहे. बऱ्याच घरांत हक्क असूनही केवळ कागदांवाचून तो बुडतो. म्हणून पुढील गोष्टी आजच पाहाव्यात.

निवृत्तिवेतनाचा मूळ आदेश कोठे ठेवला आहे हे पत्नीला व मुलांना ठाऊक असावे. त्यात पत्नीचे नाव व जन्मतारीख बरोबर आहे ना, हे पती हयात असतानाच तपासावे. नंतर कुटुंब निवृत्तिवेतनासाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या चढण्याची वेळ एकट्या राहिलेल्या आईवर येऊ देऊ नये. शक्य असल्यास खाते दोघांच्या नावे असावे.

हयातीचा दाखला वेळेवर द्यावा. केंद्रीय निवृत्तांनी तो नोव्हेंबरात द्यावयाचा असतो. ऐंशी वर्षांवरील व्यक्तींना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतील व्यक्तींना तो वर्षात केव्हाही देता येतो आणि दिल्यापासून बारा महिने चालतो. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ या पद्धतीने तो घरबसल्या देण्याची सोय झाली आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी पोस्टमन अल्प शुल्कात घरी येऊन हे काम करून देतो.

केंद्रीय निवृत्ताला ऐंशी वर्षे पूर्ण होताच मूळ निवृत्तिवेतनाच्या २० टक्के अधिक मिळतात. पंच्याऐंशीला ३०, नव्वदीला ४०, पंच्याण्णवाला ५० आणि शंभरीला १०० टक्के. वय नोंदीत चुकले असेल तर हा लाभ हुकतो. निवृत्तीच्या वेळी विकलेला निवृत्तिवेतनाचा भाग पंधरा वर्षांनी पुन्हा सुरू होतो, तीही तारीख लिहून ठेवावी.

कारखान्यातून नियत वयाला निवृत्त झालेल्या आणि किमान पाच वर्षे राज्य विमा योजनेत असलेल्या कामगाराला वर्षाला अवघे १२० रुपये भरून स्वतःसाठी व पत्नीसाठी त्या योजनेच्या दवाखान्यांत उपचार घेता येतात. धाकट्यासारख्या अनेकांना हे कोणी सांगितलेलेच नसते. सत्तरी पूर्ण झालेल्यांचे आयुष्मान कार्ड, आजारी पडण्याची वाट न पाहता, धडधाकट असतानाच काढावे. आणि दूरध्वनीवरून निवृत्तिवेतन बंद होण्याची भीती घालून सांकेतिक क्रमांक विचारणाऱ्याला काहीही न सांगता तो ठेवून द्यावा.

ही कामे नातवंडांनी करावीत. आजोबांच्या पेटीतील कागद लावताना त्यांच्या तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीची गोष्टही ऐकायला मिळेल, आणि निवृत्तिवेतन कशाचे मोल आहे हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

पुढील दिवाळीला आपले ते दोघे भाऊ पुन्हा भेटतील. थोरल्याने तोवर धाकट्याचे विम्याचे जुने कागद शोधून काढावेत, त्याच्या पत्नीचे नाव नोंदीत बरोबर आहे ना ते पाहावे, आणि धाकट्याची सत्तरी भरली की कार्ड काढण्यासाठी त्याच्याबरोबर जावे. इतके तर कोणत्याही भावाला करता येईल. परंतु धाकट्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर एकट्या थोरल्याने देण्याजोगे नाही. ते आपणा सर्वांनी मिळून द्यावयाचे आहे. सोलापूरच्या बाजारातील डाळीचा भाव चंदीगडच्या आकड्यात धरला जातो. त्या आकड्याचा आधार सोलापूरच्या कामगाराच्या म्हातारपणालाही मिळाला पाहिजे.